झडपेचा आवाज आणि त्याचे निदान : वर्धा जिल्ह्याच्या यंत्रेतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

कोणत्याही जिल्ह्याचा औद्योगिक इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकापुढे प्रथम येतात ती गॅझेटियरे, कारखान्यांच्या याद्या आणि शासकीय अहवाल. वर्धा जिल्ह्याच्या बाबतीत आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०६ चे गॅझेटियर हे असेच एक मूलभूत साधन होय. अशा साधनांतून कारखाना कोठे होता, त्याचे भांडवल किती, त्यात माणसे किती, हे कळते. परंतु यंत्र बिघडले असता ते कोणी व कशाच्या आधारे दुरुस्त केले, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहतो. यंत्राचे आयुष्य ते चालू असताना जितके असते तितकेच ते नादुरुस्त असतानाही असते. या दुसऱ्या आयुष्याचा इतिहास आपण अद्याप लिहिलेला नाही.

प्रस्तुत निबंधात या मोठ्या प्रश्नाचा एक लहानसा भाग घेतला आहे. प्रशीतनाच्या, म्हणजे कृत्रिम रीतीने थंडावा उत्पन्न करणाऱ्या, यंत्रातील झडप आवाज करू लागली असता त्या आवाजाचे निदान कसे करतात. हे निदान करणारा कारागिराचा कान कोणत्या परंपरेत तयार झाला. आणि वर्ध्यासारख्या उष्ण प्रदेशात तो कोठे फसण्याचा संभव असतो, एवढाच येथे विषय आहे. विषय तंत्राचा असला तरी आमचे प्रतिपादन ऐतिहासिक आहे. ते असे की, वर्धा जिल्ह्यात झडपेचा आवाज ऐकण्याची विद्या प्रशीतनाच्या यंत्राआधी, वाफेच्या यंत्राबरोबर आली. आणि म्हणूनच नव्या यंत्राशी तिचे काही ठिकाणी जुळले व काही ठिकाणी जुळले नाही.

१

थंडाव्याची गरज या जिल्ह्याला नवी नाही. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, व उडताना भोवतालची उष्णता शोषून घेते. माठ, रांजण, दारा-खिडक्यांना लावलेले वाळ्याचे ओले पडदे आणि अलीकडच्या काळात विदर्भातील घरोघरी उन्हाळ्यात लागणारे कूलर, या सर्वांमागे हे एकच तत्त्व आहे. कोकणातील दमट हवेत कूलर निष्प्रभ ठरतो आणि वर्ध्यात तो उपकारक होतो, याचे कारणही हेच. या साधनांत झडप नाही. जे पाणी वाफ होऊन गेले ते गेले. त्याच्या जागी नवे ओतावयाचे, इतकेच.

दुसरा थंडावा बर्फाचा. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली बॉस्टनहून कलकत्त्यास १८० टन बर्फ रवाना केला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक उतरला. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईत अमेरिकन बर्फ येऊ लागला व त्याच्या साठवणीसाठी कोटाच्या भागात बर्फघर उभे राहिले. हा व्यापार मुख्यतः बंदरांच्या शहरांपुरताच राहिला. मात्र त्याने मागे एक माप ठेवले आहे. आजही प्रशीतन-यंत्राची शक्ती ‘टन’ या एककात सांगतात. २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो तितकी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या परिभाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. ‘दीड टनाचा एसी’ म्हणणाऱ्या ग्राहकाच्या मुखी बर्फाच्या त्या लादीचीच आठवण असते.

ज्या १८३४ साली मुंबईस बर्फ आला त्याच साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने ईथर वापरून चालणाऱ्या प्रशीतन-यंत्राचे पेटंट घेतले. माठातून उडालेले पाणी आपण गमावतो. पर्किन्सच्या बंद चक्रात उडालेले द्रव्य पुन्हा पकडून, दाबून, द्रवरूप करून परत वापरावयाचे होते. या चक्रातील ज्या जागी दाबलेला द्रव मोकळा सुटतो ती जागा म्हणजे झडप. १८७० नंतरच्या दशकात जर्मनीत कार्ल लिंडे याने अमोनियावर चालणारी यंत्रे सिद्ध केली आणि कारखान्यात बर्फ तयार होऊ लागताच जहाजातून येणाऱ्या बर्फाचा व्यापार मावळला.

२

वर्धा जिल्ह्यात मात्र झडप आली ती थंडाव्यासाठी नव्हे. १८६२ साली हा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले, व १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. हिंगणघाटचा कापूस त्यापूर्वीच नावाजलेला होता. रेल्वेपाठोपाठ सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आणि हिंगणघाट व पुलगाव येथील कापडाच्या गिरण्या निघाल्या. या सर्वांच्या पोटी बॉयलर होता आणि बॉयलरवर सुरक्षा-झडप होती.

वाफेच्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला कानाचे शिक्षण आपोआप मिळते. दाब मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षा-झडप फुत्कार टाकून वाफ बाहेर सोडते. झडपेची बैठक झिजली तर बारीक सुस्कारा सतत ऐकू येतो. नळीत थंड झालेल्या वाफेचे पाणी साचले आणि मागून जोराने वाफ आली, की ते पाणी नळीच्या बाकावर हातोड्यासारखे आदळते. १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाने बॉयलरची नोंदणी व तपासणी देशभर एका नियमाखाली आणली. पण निरीक्षक येई तो ठराविक मुदतीने. रोजचा पहारा होता तो बॉयलरजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या कानाचा. या कानाला दोन अर्थ पक्के ठाऊक झाले होते : फुत्कार म्हणजे दाबाचे आधिक्य, आणि ठोका म्हणजे वायूच्या वाटेत आलेले पाणी.

वर्ध्याचा आधुनिक इतिहास सांगताना आपण १९३४ सालचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ, मगनवाडी, १९३६ पासूनचे गांधीजींचे सेवाग्रामातील वास्तव्य यांकडे वळतो, व ते योग्यच आहे. तथापि चरख्याच्या या जिल्ह्यात त्याच काळी बॉयलरही धडधडत होते, आणि हिंगणघाट-पुलगावच्या कामगारांच्या ठायी एक यंत्रविद्या साठत होती, हे विसरता येणार नाही. येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ साली, डेन्मार्कमधील आल्स बेटावर मॅड्स क्लाउसेन या तरुण अभियंत्याने आपल्या वडिलांच्या शेतावरील घराच्या माळ्यावर प्रशीतनाच्या स्वयंचलित झडपा बनविण्यास प्रारंभ केला. पुढे जगभर पसरलेली डॅनफॉस कंपनी ती हीच. तेव्हा झडप हे केवळ महानगराचे अपत्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. तीही एका खेड्यातून निघाली.

३

प्रशीतनाचे यंत्र व्यवहारात सामान्य झाले ते स्वातंत्र्यानंतर. १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई येथे स्थापन झालेली व्होल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी वऱ्हाडच्या कापसाच्या व्यापारात अग्रेसर होती. १९५४ साली टाटा सन्स आणि ही पेढी यांच्या सहयोगातून व्होल्टास कंपनी निघाली. १९५८ साली पुण्याची किर्लोस्कर न्युमॅटिक कंपनी स्थापन झाली व त्याच वर्षी गोदरेजने घरगुती रेफ्रिजरेटरचे उत्पादन सुरू केले. कापसाच्या गाठी दाबण्यात गुंतलेल्या भांडवलाचा काही अंश अशा रीतीने वायू दाबण्याकडे वळला.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. कॉम्प्रेसर म्हणजे संपीडक प्रशीतकाचा वायू दाबतो. कंडेन्सर म्हणजे संघनक त्याची उष्णता बाहेरच्या हवेत टाकून त्याचा द्रव करतो. हा द्रव प्रसरण-झडपेच्या अरुंद छिद्रातून कमी दाबाच्या बाष्पकात शिरतो आणि तेथे उकळताना शीतगृहाची उष्णता शोषतो. बर्फाच्या जुन्या कारखान्यांत ही झडप हाताने फिरवावयाची असे. चालक नळीवर जमणारे दव पाही, झडपेचा आवाज ऐके आणि चाक किंचित् उघडी किंवा मिटी. पुढे बाष्पकाच्या बाहेरील नळीला बांधलेल्या बल्बच्या तापमानावरून आपोआप उघडमीट करणारी झडप आली. घरगुती रेफ्रिजरेटरात झडपेऐवजी केसासारखी बारीक नळी असते. म्हणून प्रस्तुत चर्चा मुख्यतः शीतगृहे, बर्फाचे कारखाने, दूध थंड करण्याची केंद्रे आणि मोठ्या इमारतींतील वातानुकूलन यांना लागू आहे.

झडपेच्या आवाजाचे पाच प्रकार येथे ध्यानी घ्यावेत.

पहिला, अखंड फुत्कार. झडपेत निव्वळ द्रव यावयास हवा. त्याऐवजी द्रवात मिसळून वायूचे बुडबुडे आले तर छिद्रातून आळीपाळीने द्रव आणि वायू जातो व सळसळ किंवा शीळ ऐकू येते. याची कारणे तीन : प्रशीतक कमी असणे, झडपेआधीची गाळणी तुंबणे, अथवा द्रवाची नळी तापणे. गाळणीच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. पुढचे टोक मागच्यापेक्षा थंड लागले तर दोष गाळणीचा. नळीवर काचेची खिडकी असल्यास तीत बुडबुडे दिसतात. परंतु ते का आले, हे खिडकी सांगत नाही.

दुसरा, काही मिनिटांच्या अंतराने चढणारा व उतरणारा आवाज. येथे झडप गरजेपेक्षा अधिक उघडते, मग घाबरल्यासारखी मिटते आणि पुन्हा उघडते. झडप यंत्राच्या मानाने मोठी असणे किंवा बल्ब नळीला घट्ट न बांधलेला असणे, ही याची नेहमीची कारणे होत.

तिसरा, झडप मिटताक्षणी होणारा एकच ठोका. विजेवर चालणारी झडप क्षणार्धात बंद होते. वेगाने वाहणारा द्रव जागच्या जागी थांबतो व त्याचा आघात नळीवर होतो. नळी भिंतीला पक्की बांधणे, मोठ्या व्यासाची नळी घेऊन द्रवाचा वेग कमी करणे किंवा सावकाश मिटणारी झडप बसविणे, हा त्यावरील उपाय.

चौथा, खडखड. एकाच दिशेने वाहू देणारी झडप प्रवाहाच्या मानाने मोठी असली तर प्रवाह तिची तबकडी उचलून धरू शकत नाही आणि ती बैठकीवर नाचत राहते. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरजवळ ती बसविलेली असल्यास प्रत्येक ठोक्याचा धक्का तिला लागतो. अशी झडप दूर नेणे अथवा लहान आकाराची घेणे इष्ट.

पाचवा, कॉम्प्रेसरच्या आतील ठोके. वायूऐवजी द्रवच परत आला की कॉम्प्रेसरच्या झडपेची पट्टी तुटण्याची भीती असते, कारण द्रव दाबला जात नाही. हा आवाज ऐकताच यंत्र बंद करावे. कारण नंतर शोधता येते.

४

आता आमच्या मूळ प्रतिपादनाकडे वळू. बॉयलरवर तयार झालेला कान या पाच आवाजांपुढे उभा केला तर काय दिसते? ठोक्याच्या बाबतीत तो बरोबर ठरतो. वाफेच्या नळीत ठोका म्हणजे वायूच्या वाटेत पाणी. कॉम्प्रेसरमध्येही ठोका म्हणजे वायूच्या वाटेत द्रव. जुने ज्ञान येथे जसेच्या तसे उपयोगी पडते. फुत्काराच्या बाबतीत मात्र तोच कान फसतो. वाफेचा फुत्कार आधिक्याचा निदर्शक होता. प्रसरण-झडपेचा वाढलेला फुत्कार हा बहुधा द्रवाच्या उणिवेचा निदर्शक असतो. एकच ध्वनी, पण अर्थ उलट. कारागिराला हे शिकावे लागले आणि तो ते शिकला. ‘गॅस कमी झाला’ हे वाक्य दुरुस्तीच्या व्यवहारात जवळजवळ म्हणीसारखे रूढ झाले आहे, ते याच शिकवणुकीचे फलित होय, असे अनुमान करावयास हरकत नाही.

परंतु वर्ध्याच्या मे महिन्यात हा नवा अर्थही पुरा पडत नाही. आर-१३४ए या प्रचलित प्रशीतकाचे उदाहरण घेऊ. संघनकातील तापमान ४० अंश असता दाब सुमारे १० वायुदाबांइतका असतो. तेच ५५ अंशांवर गेले, तर दाब सुमारे १५ होतो. शीतगृहाचा बाष्पक उणे १० अंशांवर धरल्यास तेथील दाब सुमारे २ असतो. म्हणजे झडपेच्या दोन बाजूंतील अंतर ८ वरून १३ वर गेले. शिवाय झडपेतून सुटताक्षणीच द्रवाचा काही भाग वायू होतोच; ४० अंशांवरून आलेल्या द्रवाचा सुमारे एक-तृतीयांश, तर ५५ अंशांवरून आलेल्याचा सुमारे ४५ टक्के. दाब अधिक आणि वायूही अधिक, तेव्हा झडप उन्हाळ्यात अधिक बोलणारच. यात बिघाड नाही; हा ऋतूचा आवाज आहे.

त्यात द्रवाची नळी उघड्या गच्चीवरून किंवा पत्र्यावरून नेलेली असेल, तर तापलेल्या नळीतच द्रव उकळू लागतो आणि झडपेशी बुडबुडे येतात. खिडकीत बुडबुडे दिसले, कानाला फुत्कार आला, म्हणून गॅस भरला, तर संघनकात द्रव साचून दाब आणखी चढतो, वीज अधिक लागते व कॉम्प्रेसर तापतो. रोग उन्हाचा आणि औषध भुकेचे, अशी ही गत होते. याचा उलगडा करणारी चाचणी साधी आहे. भर दुपारी त्या नळीवर ओले गोणपाट गुंडाळावे व काही वेळाने पुन्हा ऐकावे. आवाज उतरला तर दोष उष्णतेचा. न उतरला तर गाळणी तपासावी. तीही निर्दोष ठरली तरच प्रशीतक तोलावे आणि गळती शोधावी. पहाटे व दुपारी अशा दोन वेळा आवाज ऐकून नोंद केली तर निदान अधिक पक्के होते. माठाभोवती ओले फडके गुंडाळणाऱ्या घरात ही युक्ती अपरिचित वाटू नये. दोष उष्णतेचा ठरल्यावर नळी सावलीतून न्यावी, तिला उष्णतारोधक वेष्टन घालावे आणि संघनकावरील धूळ साफ करावी.

यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तके बव्हंशी समशीतोष्ण देशांतील अनुभवावर लिहिली गेली. तेथे फुत्काराचे पहिले कारण म्हणून प्रशीतकाची उणीव सांगणे वाजवी होते. वर्ध्यात मे महिन्यात कारणांचा क्रम बदलतो. क्रम बदलल्याचे हे ज्ञान पुस्तकात नसून कारागिराच्या अनुभवात असते.

५

या निदानावर काय अवलंबून आहे, हे आता सांगितले पाहिजे. वर्धा जिल्हा गवळाऊ गाईंचा प्रदेश. वर्ध्याच्या गोरस भांडाराचे नाव दुधासाठी सर्वश्रुत आहे. दूध ४ अंशांपर्यंत लवकर उतरले नाही तर उन्हाळ्यात ते काही तासांत नासते. कारंजा व आष्टी या तालुक्यांतील संत्र्याला साठवणीची गरज असते. चुकीच्या निदानाचा भार शेवटी शेतकऱ्यावर व गवळ्यावर पडतो.

दुसरा भार वातावरणावर पडतो. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनचा थर विरळ करणारी प्रशीतके टप्प्याटप्प्याने मागे पडली व त्यांची जागा आर-१३४ए सारख्या द्रव्यांनी घेतली. तीही निरुपद्रवी नाहीत. हे द्रव्य एक किलो हवेत गेले, तर त्याचा तापविण्याचा परिणाम सुमारे १४०० किलो कर्बद्विप्राणिदाइतका होतो; म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचा वापर उतरविण्याचे ठरले. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे, हे तेव्हा केवळ खर्चाचे काम राहिलेले नाही.

तिसरी हानी आमच्या शास्त्राची आहे. हाताने फिरवावयाच्या झडपेजवळ उभा राहणारा चालक आता क्वचितच आढळतो. नव्या यंत्रांत विद्युत्-मोटरीची झडप आणि दाबाचे मापक असते. बिघाड पडद्यावर आकड्याने कळतो. हे उत्तमच आहे. पण आकडा नोंदला जातो आणि कान नोंदला जात नाही. जो कारागीर वाफेच्या गिरणीतून बर्फाच्या कारखान्यात गेला असेल, त्याने फुत्काराचा अर्थ केव्हा व कसा उलटविला, हे त्यालाच विचारले पाहिजे. आणि असे कारागीर आता वयोवृद्ध झालेले असणार.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दोन कामे ठेवावीशी वाटतात. पहिले, जिल्ह्यातील बर्फाचे कारखाने, शीतगृहे, गिरण्या व रुग्णालये येथील चालकांच्या रोजच्या नोंदवह्या मिळतील तेथे जपणे. त्यांत दर तासाचे दाब व तापमान लिहिण्याची पद्धत असते. मे व डिसेंबर या दोन महिन्यांची पाने शेजारी ठेवली, तर ऋतूचा आवाज आकड्यांत वाचता येईल. दुसरे, निवृत्त चालकांकडून आवाजांची नावे गोळा करणे. ते कोणत्या आवाजाला काय म्हणत, कोणता आवाज ऐकून यंत्र बंद करीत आणि कोणता ऐकून स्वस्थ राहत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. या शब्दांचा कोश झाला, तर तो भाषेच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडेल. कापसाच्या गाठींची संख्या आपल्या दप्तरात आहे. ती गाठ बांधणारे यंत्र कोणाच्या कानाने चालू राहिले, हे अजून लिहावयाचे आहे.